फाइल सिस्टीम मोडली, पण स्नॅपशॉट आहेत: फायली कशा वाचवायच्या

लिनक्सच्या संगणकावर किंवा घरच्या नॅसवर (नेटवर्कवरून वापरायच्या साठवणुकीच्या डब्यावर) तासाला, दिवसाला आपोआप स्नॅपशॉट, म्हणजे फायलींच्या त्या क्षणाच्या स्थितीच्या नोंदी, निघत असले की एक भरवसा तयार होतो: काही झालं तरी कालची स्थिती आहेच. फाइल चुकून पुसली गेली किंवा एखाद्या प्रोग्रॅमने ती खराब करून ठेवली, तर हा भरवसा पूर्ण खरा आहे. स्नॅपशॉटच्या फोल्डरमध्ये जायचं, जुनी फाइल कॉपी करायची, संपलं. पण डिस्क माउंटच होत नसेल (म्हणजे तिच्यातल्या फायली वापरायला उघडतच नसतील), किंवा अर्ध्या फायली उघडताना ‘इनपुट/आउटपुट एरर’ येत असेल, तेव्हा स्नॅपशॉट किती कामाला येतील हे एकाच गोष्टीवर ठरतं: नेमका कुठला ब्लॉक (डिस्कवरचा ठरावीक आकाराचा तुकडा) बिघडला, आणि तो किती स्नॅपशॉट मिळून वापरत होते. हे नीट कळलं की पुढच्या पायऱ्यांचा क्रम लक्षात ठेवावा लागत नाही, तो आपोआप पटतो. हे न कळता घाईने चालवलेली पहिली आज्ञा मात्र बहुतेक वेळा नुकसान वाढवते.

या लेखात मुख्य उदाहरण बीटीआरएफएसचं आहे. ओपनसुसेमध्ये २०१४ पासून आणि फेडोरा वर्कस्टेशनमध्ये २०२० पासून तीच आपोआप निवडली जाणारी (डिफॉल्ट) फाइल सिस्टीम म्हणून येते, सिनॉलॉजीच्या अनेक नॅसमध्येही तीच असते. झेडएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टीमबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

स्नॅपशॉटमध्ये नक्की काय असतं

बीटीआरएफएस वापरात असलेल्या ब्लॉकवर सहसा पुन्हा लिहीत नाही. फाइलचा तुकडा बदलला की नवा तुकडा डिस्कवरच्या मोकळ्या जागी लिहिला जातो. मग त्या तुकड्याकडे बोट दाखवणारा मेटाडेटाचा (फायलींची नावं, पत्ते अशा नोंदींचा) ब्लॉक नव्या जागी लिहिला जातो, त्याच्या वरचा ब्लॉक नव्या जागी, असं करत करत मुळापर्यंत. शेवटी सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे फाइल सिस्टीम वाचायला जिथून सुरुवात होते त्या नोंदीत, नव्या मुळाचा पत्ता टाकला की बदल पक्का झाला. सातबाऱ्यावर जुनं नाव खरवडून काढत नाहीत, त्याला कंस करून नव्या फेरफाराची नोंद घेतात. हा व्यवहार तसाच आहे. असा एक फेरा म्हणजे एक ट्रान्झॅक्शन, आणि तो साधारण दर ३० सेकंदांनी होतो. प्रत्येक ट्रान्झॅक्शनला चढत्या क्रमाचा आकडा असतो, त्याला जनरेशन म्हणतात. हा आकडा पुढे वारंवार लागेल.

स्नॅपशॉट काढताना फायलींची प्रत निघत नाही. सबव्हॉल्यूमच्या (स्वतंत्र स्नॅपशॉट काढता येणाऱ्या, फोल्डरसारख्या भागाच्या) ट्रीचा, म्हणजे नोंदींच्या उतरंडीचा, फक्त सगळ्यात वरचा ब्लॉक नव्याने लिहिला जातो. त्याखालचे सगळे ब्लॉक दोघांत सामायिक राहतात. म्हणून पाचशे जीबीच्या सबव्हॉल्यूमचा स्नॅपशॉट क्षणात निघतो आणि त्या क्षणी जवळजवळ काहीच जागा घेत नाही. पुढे चालू सबव्हॉल्यूममध्ये जसजसे बदल होतात, तसतसे दोघांचे रस्ते वेगळे होत जातात. जिथे बदल झाला नाही तिथे दोघं अजूनही त्याच ब्लॉकवर उभे असतात.

आता बिघाड कुठे झाला ते पाहू.

फाइलच्या आतला डेटा ब्लॉक खराब झाला, आणि ती फाइल सहा महिन्यांत बदललेली नाही. मग गेल्या सहा महिन्यांतल्या प्रत्येक स्नॅपशॉटमध्ये तोच खराब ब्लॉक आहे. तीस स्नॅपशॉट असले तरी त्या फाइलची डिस्कवर प्रत एकच होती. याउलट ती फाइल काल बदलली असेल आणि खराब झालेला तुकडा कालच्या बदलातला असेल, तर परवाच्या स्नॅपशॉटमध्ये जुनी आवृत्ती धडधाकट सापडेल.

चालू सबव्हॉल्यूमच्या ट्रीमधला मेटाडेटा ब्लॉक खराब झाला. हा ब्लॉक साधारण १६ केबीचा असतो आणि त्यात पुष्कळ फायलींच्या नोंदी असतात, त्यामुळे अख्खं फोल्डर गायब झाल्यासारखं दिसतं. वीज गेल्याने किंवा डिस्कने लिहिणं अर्धवट सोडल्याने मार बसतो तो बहुतांशी नुकत्याच लिहिलेल्या ब्लॉकना. कालच्या स्नॅपशॉटचा रस्ता त्या ब्लॉकवरून जातच नाही. स्नॅपशॉट सगळ्यात जास्त उपयोगी पडतात ते इथे.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. सगळ्या सबव्हॉल्यूमची यादी ठेवणारा रूट ट्री, किंवा डिस्कवरचे पत्ते सांगणारा चंक ट्री मोडला, तर स्नॅपशॉट आत सुरक्षित असूनही तिथपर्यंत पोहोचायची वाट बंद होते. पण जुनं मूळ लगेच पुसलं जात नाही. सुपरब्लॉकमध्ये मागच्या चार ट्रान्झॅक्शनच्या मुळांचे पत्ते राखून ठेवलेले असतात. डिस्कवर सतत लिहिणं चालू असेल तर चार ट्रान्झॅक्शन म्हणजे जेमतेम दोन मिनिटांचा इतिहास, पण बऱ्याचदा तेवढा पुरतो.

स्नॅपशॉटची एक मर्यादा अनेकांना ऐन वेळी कळते: एका सबव्हॉल्यूमच्या आत दुसरं सबव्हॉल्यूम असेल तर ते वरच्या स्नॅपशॉटमध्ये येत नाही, त्याच्या जागी रिकामं फोल्डर दिसतं. ओपनसुसेमध्ये होम आणि व्हार ही फोल्डरं मुद्दाम वेगळी सबव्हॉल्यूम म्हणून ठेवलेली असतात, म्हणून सिस्टीमच्या स्नॅपशॉटमध्ये तुमची कागदपत्रं शोधू नका. होमचे स्नॅपशॉट वेगळे निघत होते का, हे आधी पाहा.

पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं नाही

डिस्कवर लिहायचं नाही. जुनी मुळं आणि सुटे झालेले ब्लॉक हीच तुमची शेवटची आशा आहे, आणि फाइल सिस्टीमच्या दृष्टीने ती मोकळी जागा आहे. लिहिणं चालू राहिलं की ती जागा नव्या डेटाने भरते.

एसएसडी असेल तर घाई आणखी. डिस्कार्ड किंवा ट्रिमची, म्हणजे ‘हे ब्लॉक आता नको’ अशी, सूचना गेली की डिस्क ते ब्लॉक आतून रिकामे करते आणि मग कुठलंही साधन ते परत आणू शकत नाही. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, ६.२ आवृत्तीपासून बीटीआरएफएसवर असिंक डिस्कार्ड एसएसडीसाठी आपोआप सुरू असतं, शिवाय अनेक वितरणांत आठवड्याला एकदा ट्रिम चालवणारा टायमर असतो. म्हणून बिघाड दिसला की ती डिस्क अनमाउंट करा. सिस्टीमचीच डिस्क असेल तर संगणक बंद करून लाइव्ह यूएसबीवरून सुरू करा. लाइव्ह यूएसबीवर शक्य तितका नवा कर्नल आणि बीटीआरएफएस-प्रॉग्स या साधनसंचाची नवी आवृत्ती घ्या. बचावाचे पर्याय नव्या आवृत्त्यांत वाढत गेले आहेत.

‘बीटीआरएफएस चेक’ ही आज्ञा नुसती चालवली तर ती फक्त वाचते. तिला ‘--रिपेअर’ जोडला की ती मेटाडेटा बदलू लागते, आणि बिघाड तिला ओळखीचा नसेल तर वाचण्याजोगा भागही जातो. एक्स्ट४ वापरलेल्या लोकांचा हात सवयीने आधी दुरुस्तीकडे जातो. इथे क्रम उलटा आहे: आधी फायली बाहेर काढायच्या, दुरुस्ती करायचीच असेल तर सगळ्यात शेवटी, आणि तीही प्रतीवर.

माउंट ‘रीड-ओन्ली’ केलं म्हणजे डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही, हाही गैरसमज आहे. अर्धवट राहिलेला लॉग (शेवटच्या ट्रान्झॅक्शननंतर सेव्ह झालेल्या बदलांची नोंद) असेल तर बीटीआरएफएस रीड-ओन्ली माउंट करतानाही तो लॉग लागू करते, म्हणजे लिहिते. खरोखर अडवायचं तर ‘ब्लॉकडेव्ह --सेटआरओ’ने पूर्ण डिव्हाइसच वाचनापुरतं करावं लागतं.

कर्नल काय सांगतोय

कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’च्या आउटपुटमध्ये बहुतेक लोक ‘ओपन सीट्री फेल्ड’ ही ओळ पाहतात आणि तीच शोधत बसतात. त्या ओळीचा अर्थ एवढाच, की माउंट झालं नाही. कारण तिच्या वरच्या दोन-चार ओळींत असतं.

‘सीसम फेल्ड रूट २५७ आयनो ८८१२’ अशी ओळ आली तर ट्री शाबूत आहे, एका फाइलचा डेटा बिघडला आहे: त्याचा चेकसम (डेटाच्या पडताळणीचा आकडा) जुळत नाही. रूटचा आकडा म्हणजे सबव्हॉल्यूमचा क्रमांक. ५ हा सगळ्यात वरचा, तुमची सबव्हॉल्यूम आणि स्नॅपशॉट २५६ पासून पुढे. आयनोड क्रमांकावरून (त्या ओळीतला ‘आयनो’, म्हणजे फाइलचा आतला क्रमांक) फाइलचं नाव काढायला ‘बीटीआरएफएस इन्स्पेक्ट-इंटर्नल आयनोड-रिझॉल्व्ह’ आहे.

‘पॅरेंट ट्रान्सआयडी व्हेरिफाय फेल्ड’ आणि त्यापुढे ‘वॉन्टेड’ व ‘फाउंड’ असे दोन आकडे दिसले तर नीट थांबून वाचा. वरच्या ब्लॉकला खाली अमुक जनरेशनचा ब्लॉक अपेक्षित होता, तिथे दुसराच सापडला. सापडलेला आकडा लहान असेल तर नवा ब्लॉक डिस्कवर पोहोचलाच नाही. डिस्कच्या किंवा यूएसबी केसच्या फर्मवेअरने ‘लिहिलं’ असं कळवलं, पण डेटा कॅशमध्येच होता आणि वीज गेली, हे याचं नेहमीचं कारण. दोन आकड्यांत फरक थोडा असेल तर राखीव मुळांपैकी एखादं चालून जाण्याची शक्यता चांगली असते. जुनं मूळ वापरताना सापडलेला आकडा मोठा आला, तर तो ब्लॉक नंतर दुसऱ्या कामाला वापरला गेला आहे. त्या मुळाखालची ती फांदी गेली असं समजा.

‘करप्ट लीफ’ आणि ‘बॅड की ऑर्डर’ असं दिसलं तर संशय रॅमवर घ्या. मेमरीत एखादा बिट उलटला की चुकीची माहितीच बरोबर चेकसमसह लिहिली जाते. मेटाडेटाच्या दोन प्रती ठेवणारी डीयूपी रचना इथे वाचवत नाही, कारण दोन्ही प्रती सारख्याच चुकीच्या असतात. अशा वेळी त्याच संगणकावर बचावाचं काम करू नका. आधी मेमटेस्ट रात्रभर चालवा किंवा डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडा.

डिस्क स्वतः मरते आहे का, हे ‘स्मार्टसीटीएल’ सांगतं. क्रमांक ५, १९७ आणि १९८ या ओळींत शून्यापेक्षा जास्त आकडे असतील आणि ते वाढत असतील तर पृष्ठभाग खराब होतो आहे. १९९ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा किंवा जोडणीचा असतो. केबल बदलून पुन्हा पाहा, कधीकधी तेवढ्यावर काम होतं. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र ती चालू ठेवू नका. तिथून पुढचं काम प्रयोगशाळेचं आहे.

आधी पूर्ण डिस्कची प्रत

मूळ डिस्कवर एकही प्रयोग न करता तिची इमेज काढायची. जीएनयू डीडीरेस्क्यू याच कामासाठी आहे. साधी ‘डीडी’ वाचता न आलेल्या जागी थांबते. डीडीरेस्क्यू ती जागा सोडून पुढे जातं आणि मॅप फाइलमध्ये नोंद ठेवतं, म्हणून मध्येच थांबवलं तरी पुढे चालू करता येतं. पहिली फेरी ‘--नो-स्क्रेप’ लावून करा, म्हणजे सहज वाचता येणारा भाग आधी सुरक्षित होतो. दुसऱ्या फेरीत तीच मॅप फाइल देऊन ‘--आयडायरेक्ट’ आणि ‘--रिट्राय-पासेस=३’ लावा. मॅप फाइल धडधाकट डिस्कवरच ठेवा. ४ टीबीची निरोगी डिस्क सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने वाचली तर साडेसात तासांच्या आसपास लागतात. बिघडलेली असेल तर कित्येक दिवस लागू शकतात.

इमेज फाइल म्हणूनच ठेवा, आणि जमल्यास एक्सएफएस किंवा बीटीआरएफएस असलेल्या दुसऱ्या डिस्कवर ठेवा. कारण या दोन्हींवर ‘सीपी --रीफ्लिंक=ऑलवेज’ने त्या ४ टीबीच्या इमेजची लिहिण्याजोगी प्रत क्षणात निघते आणि फक्त बदललेल्या ब्लॉकपुरती जागा घेते. प्रत्येक प्रयोगासाठी अशी ताजी प्रत काढा, ती ‘लोसेटअप’ने लूप डिव्हाइस (फाइललाच डिस्कसारखं दाखवणारी जोडणी) म्हणून जोडा, प्रयोग फसला तर प्रत पुसून टाका. बचावाच्या कामात एवढी निर्धास्तता देणारी दुसरी युक्ती नाही, आणि तिच्या बळावरच पुढच्या लिहिणाऱ्या आज्ञा चालवून बघता येतात.

एक धोका मात्र खास बीटीआरएफएसचा आहे. ती डिस्क ओळखते ती यूयूआयडी या डिस्कवरच लिहिलेल्या ओळखक्रमांकावरून. मूळ डिस्क आणि तिची हुबेहूब प्रत एकाच वेळी संगणकाला दिसत असतील, तर कर्नल एकीच्या जागी दुसरी धरू शकतो आणि तुम्ही प्रतीवर लिहितो आहोत असं समजून मूळ डिस्कवर लिहाल. इमेज तयार झाली की मूळ डिस्कची केबल काढून बाजूला ठेवा. लूप डिव्हाइसही एका वेळी एकच जोडा. प्रत बदलण्याआधी ‘बीटीआरएफएस डिव्हाइस स्कॅन --फर्गेट’ चालवलं की कर्नल आधीची नोंद विसरतो.

माउंट करून बघण्याचा क्रम

सौम्य उपायापासून सुरुवात करायची. आधी नुसतं ‘आरओ’ (रीड-ओन्ली). मग ‘आरओ’सोबत ‘रेस्क्यू=यूजबॅकअपरूट’, म्हणजे कर्नल राखीव चार मुळांपैकी चालेल ते वापरतो. मग ‘रेस्क्यू=नोलॉगरीप्ले’; लॉग लागू करताना कोसळत असेल तर यानेच दार उघडतं. त्यात तुम्ही गमावता ती बिघाडाच्या आधीच्या काही सेकंदांत फाइलमध्ये सेव्ह झालेली माहिती, जास्तीत जास्त शेवटच्या ट्रान्झॅक्शननंतरची. शेवटी ‘रेस्क्यू=ऑल’, जो मोडलेले सहायक ट्री आणि डेटाचे चेकसम यांकडे दुर्लक्ष करून आत शिरतो. हे पर्याय कर्नल ५.९ ते ५.११ या काळात आले, म्हणून जुन्या लाइव्ह यूएसबीवर ते ‘अनोळखी पर्याय’ म्हणून नाकारले जातात. डिस्क एकापेक्षा जास्त असतील आणि एखादी नसेल, तर ‘डिग्रेडेड’ही जोडावं लागतं.

‘रेस्क्यू=ऑल’ने माउंट झालं तर एक गोष्ट मनात पक्की ठेवा. एरवी बीटीआरएफएस चुकीचा डेटा सहसा देत नाही. चेकसम जुळला नाही तर एरर देते. या पर्यायात ती हमी संपते आणि बिघडलेली फाइलही गुपचूप कॉपी होते. म्हणून आधी चेकसम चालू असलेल्या पर्यायांनी जेवढं निघेल तेवढं एका फोल्डरमध्ये काढा, आणि ‘ऑल’ने काढलेलं दुसऱ्या फोल्डरमध्ये. दोन्ही कधीही एकत्र करू नका.

कुठल्या स्नॅपशॉटमधून काय घ्यायचं

माउंट झालं की ‘बीटीआरएफएस सबव्हॉल्यूम लिस्ट’ला ‘-एस’ लावून स्नॅपशॉटची यादी वेळेसह घ्या. चालू सबव्हॉल्यूमची नवी माहिती मोलाची असते, म्हणून पहिली कॉपी तिथूनच. ‘आरसिंक’ वापरा, कारण एखादी फाइल वाचता आली नाही तरी ते पुढे जातं आणि शेवटी २३ हा एक्झिट कोड देतं. त्याच्या एरर वेगळ्या फाइलमध्ये लिहून घ्या. ही नापास फायलींची यादी हेच पुढच्या कामाचं साधन.

आता ही यादी घेऊन सगळ्यात ताज्या स्नॅपशॉटकडे जा, मग त्याच्या आधीच्याकडे. पण प्रत्येक फाइल प्रत्येक स्नॅपशॉटमध्ये आंधळेपणाने शोधू नका, विशेषतः डिस्क आतून मरत असेल आणि इमेज पूर्ण नसेल तर. ‘फाइलफ्रॅग’ला ‘-व्ही’ लावून चालू फाइल आणि स्नॅपशॉटमधली फाइल दोन्ही पाहा. पत्ते सारखे असतील आणि पुढे ‘शेअर्ड’ लिहिलं असेल, तर ब्लॉक एकच आहे. तिथेही तीच एरर येणार. पत्ते वेगळे झाले तो पहिला स्नॅपशॉट गाठायचा. चालू सबव्हॉल्यूममध्ये फोल्डरच वाचता येत नसेल तर ही तुलना शक्य नसते, तेव्हा ताज्या स्नॅपशॉटमधून ते अख्खं फोल्डर घ्या.

व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क फायली आणि डेटाबेस यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहा. वेग मिळावा म्हणून त्यांच्यावर अनेकदा कॉपी-ऑन-राइट (बदल नव्या जागी लिहिण्याची वर सांगितलेली पद्धत) बंद केलेलं असतं, आणि त्यासोबत चेकसमही बंद होतात. म्हणजे त्या एररशिवाय कॉपी झाल्या याचा अर्थ त्या चांगल्या आहेत असा होत नाही. तरी स्नॅपशॉटनंतर अशा फाइलच्या ब्लॉकवर पहिल्यांदा लिहिताना तो ब्लॉक नव्या जागीच जातो, म्हणून त्यांचीही स्नॅपशॉटमधली आवृत्ती खरी असते. फक्त चालू डेटाबेसचा स्नॅपशॉट म्हणजे वीज गेल्या क्षणाची स्थिती. तो डेटाबेसच्या स्वतःच्या लॉगसकट काढा, नाहीतर उघडणार नाही.

स्नॅपशॉटचा सगळा इतिहास वाचवायचा असेल तर आरसिंक पुरत नाही. त्याने सामायिक ब्लॉक प्रत्येक वेळी वेगळे लिहिले जातात. ‘बीटीआरएफएस सेंड’ ही सामायिकता जपतं, पण त्याला स्नॅपशॉट मुळातच रीड-ओन्ली काढलेले लागतात, आणि रीड-ओन्ली माउंटवर नवे काढता येत नाहीत. स्नॅपर या स्नॅपशॉट काढणाऱ्या साधनाचे वेळापत्रकानुसार निघालेले स्नॅपशॉट रीड-ओन्ली असतात, त्यामुळे तिथे हा मार्ग खुला असतो. मध्ये वाचता न येणारा ब्लॉक आला की सेंड थांबतं.

माउंट होतच नसेल तर

‘बीटीआरएफएस रिस्टोर’ हे साधन फाइल सिस्टीम माउंट न करता थेट ब्लॉक वाचतं आणि फायली दुसऱ्या डिस्कवर काढतं. ते मूळ डिस्कवर काहीही लिहीत नाही. त्याच्या तपासण्या कर्नलपेक्षा सैल आहेत. म्हणून ते जास्त आत पोहोचतं, आणि म्हणूनच काही फायली अर्धवट किंवा जुन्या आवृत्तीच्या येऊ शकतात.

पहिल्यांदा ‘--ड्राय-रन’ लावून चालवा. फायलींची नावं सरकताना दिसली तर जीव भांड्यात पडतो. नंतर खऱ्या कॉपीला ‘--मेटाडेटा’ जोडा, नाहीतर मालक, परवानग्या आणि तारखा येत नाहीत. फोटोंच्या संग्रहात तारखा गेल्या की फार त्रास होतो. ‘--सिमलिंक्स’ आणि ‘--इग्नोअर-एरर्स’ही बहुधा लागतात.

हे साधन स्नॅपशॉट आपणहून सोडून देतं. चालू सबव्हॉल्यूम मोडलं आहे आणि आउटपुट रिकामं येतं आहे, एवढ्यावर सगळं गेलं असं ठरवू नका. ‘--स्नॅपशॉट्स’ लावलं तर ते सगळे स्नॅपशॉट काढतं, पण प्रत्येक पूर्ण आकाराचा: २०० जीबीचं सबव्हॉल्यूम आणि ३० स्नॅपशॉट म्हणजे सुमारे ६ टीबी जागा. त्याऐवजी ‘--लिस्ट-रूट्स’ने क्रमांक पाहा आणि ‘--रूट’ला हव्या त्या एका स्नॅपशॉटचा क्रमांक द्या. एखादंच फोल्डर हवं असेल तर ‘--पाथ-रेजेक्स’ आहे, पण त्याची मांडणी विचित्र आहे. नुसता शेवटचा पत्ता देऊन चालत नाही. मुळापासूनचं प्रत्येक मधलं फोल्डर त्या नमुन्यात जुळावं लागतं, नाहीतर साधन आत उतरतच नाही आणि काहीही न काढता शांतपणे संपतं. मोठ्या, तुकडे झालेल्या फायलींवर ते ‘फार वेळ फिरतो आहोत, पुढे जाऊ का’ असं विचारत थांबतं. रात्री लावून झोपलात तर सकाळी ते त्या प्रश्नावरच अडकलेलं सापडेल, म्हणून सुरुवातीचा काही वेळ समोर बसा.

रिस्टोरलाही मूळ सापडलं नाही तर ‘बीटीआरएफएस-फाइंड-रूट’. हे पूर्ण डिस्क चाळून जुन्या मुळांची यादी देतं, प्रत्येकासमोर ब्लॉकचा पत्ता आणि जनरेशन. अपेक्षित जनरेशनच्या सगळ्यात जवळचा, म्हणजे सगळ्यात मोठा आकडा आधी घ्या, तो पत्ता रिस्टोरच्या ‘-टी’ पर्यायाला द्या आणि पुन्हा ड्राय-रन. जमलं नाही तर त्याच्या खालचा. दर खेपेला किती फायली दिसतात ते लिहून ठेवा. सगळ्यात ताजं मूळ सगळ्यात जास्त फायली देईलच असं नाही. थोडं जुनं पण अखंड मूळ, आणि त्याखाली टिकलेला आदल्या रात्रीचा स्नॅपशॉट, अनेकदा जास्त देऊन जातो.

यानंतरच्या आज्ञा लिहिणाऱ्या आहेत, म्हणून फक्त रीफ्लिंक प्रतीवर. सुपरब्लॉक डिस्कच्या सुरुवातीपासून ६४ केबीवर असतो, त्याच्या प्रती ६४ एमबीवर आणि डिस्क पुरेशी मोठी असेल तर २५६ जीबीवर. चुकीच्या डिस्कवर आयएसओ लिहिला गेला असेल तर पहिला जातो पण पुढचे टिकू शकतात. ‘बीटीआरएफएस रेस्क्यू सुपर-रिकव्हर’ त्यांच्यावरून पहिला परत बांधतं. चंक ट्री गेला असेल तर ‘चंक-रिकव्हर’ पूर्ण डिस्क वाचून तो नव्याने जुळवतं. ‘झीरो-लॉग’ फक्त लॉगमुळे माउंट अडत असेल तेव्हाच. बाकी कुठल्याही बिघाडावर ते औषध नाही, तरी लोक ते सरसकट चालवतात.

झेडएफएसवर

तत्त्व तेच, सोयी जास्त. प्रत्येक डिस्कवर लेबल या ओळखनोंदीच्या चार प्रती असतात, दोन सुरुवातीला आणि दोन शेवटी, आणि प्रत्येकात जुन्या मुळांची म्हणजे उबरब्लॉकची फिरती यादी असते. ५१२ बाइटच्या सेक्टरवर ती १२८ जागांची, ४ केबीच्या सेक्टरवर ३२ जागांची. ट्रान्झॅक्शन साधारण ५ सेकंदांनी होतं.

पूल (झेडएफएसने एकत्र धरलेल्या डिस्क) उघडत नसेल तर ‘झेडपूल इम्पोर्ट’ला ‘रीडओन्ली=ऑन’ देऊन बघा. नाही जमलं तर कॅपिटल एफ आणि छोटा एन एकत्र लावा; शेवटची काही ट्रान्झॅक्शन सोडली तर पूल उघडेल का, एवढंच ते सांगतं, करत काही नाही. कॅपिटल एक्स आणखी मागे जातो, पण तो तासन् तास चालू शकतो आणि तो शेवटचा उपाय आहे.

उघडल्यावर प्रत्येक डेटासेटच्या (सबव्हॉल्यूमसारख्या भागाच्या) मुळाशी ‘.झेडएफएस/स्नॅपशॉट’ हे फोल्डर असतं. ते यादीत दिसत नाही, पण पत्ता टाइप केला की उघडतं, आणि रीड-ओन्ली पूलवरही चालतं. फायली तिथूनच घ्या. ‘झेडएफएस रोलबॅक’चा मोह टाळा: मागच्या स्नॅपशॉटवर जाण्यासाठी ते मधले सगळे स्नॅपशॉट नष्ट करायला लावतं. ‘झेडपूल स्टेटस’ला ‘-व्ही’ लावलं की बिघडलेल्या फायलींची नावं मिळतात, स्नॅपशॉटमधली असेल तर स्नॅपशॉटच्या नावासह. त्यामुळे वरची शोधाशोध इथे पुष्कळ कमी होते. ‘झेडएफएस सेंड’ खराब ब्लॉकवर थांबत असेल तर ‘झेडएफएस_सेंड_करप्ट_डेटा’ हा मोड्यूलचा पॅरामीटर १ केल्यावर खराब जागी ठरावीक खुणेचे आकडे भरून ते पुढे जातं. त्या फायली नंतर वेगळ्या काढायला विसरू नका.

विंडोजच्या शॅडो कॉपी आणि एलव्हीएमचे (लिनक्समधल्या डिस्कचे भाग पाडणाऱ्या व्यवस्थेचे) जुन्या पद्धतीचे स्नॅपशॉट यांची घडण निराळी आहे. त्यांत फक्त बदललेल्या ब्लॉकची जुनी आवृत्ती बाजूला ठेवलेली असते. बाकी सगळं चालू व्हॉल्यूममधूनच वाचलं जातं. त्यामुळे चालू व्हॉल्यूम मोडलं की स्नॅपशॉटलाही भोकं पडतात, आणि एलव्हीएममध्ये राखीव जागा भरली की स्नॅपशॉट पूर्ण बाद होतो. तिथेही आधी पूर्ण इमेज काढावी आणि मग लिनक्सवर ‘व्हीशॅडोमाउंट’ने त्या इमेजमधल्या शॅडो कॉपी एकेक उघडून पाहाव्यात.

बाहेर काढलेलं तपासताना

फाइल कॉपी झाली म्हणजे वाचली असं नाही, विशेषतः रिस्टोर आणि ‘रेस्क्यू=ऑल’ने काढलेली. शून्य आकाराच्या फायली ‘फाइंड’ने आधी शोधा. झिपला स्वतःची तपासणी आहे, ती चालवा. एसक्यूलाइटला ‘इंटेग्रिटी_चेक’. ऑफिसच्या नव्या फायली आतून झिपच असतात, त्यांनाही तीच तपासणी लागू पडते. जेपेग मात्र अर्धी फाटलेली असूनही उघडते आणि खाली करडा पट्टा दाखवते, म्हणून लघुचित्रांवर विसंबू नका. पूर्ण डिकोड करणाऱ्या साधनातून सगळे फोटो एकदा जाऊ द्या. नापास झालेली प्रत्येक फाइल परत आधीच्या यादीत जाते आणि आणखी जुन्या स्नॅपशॉटमध्ये शोधली जाते.

सगळं हाती आल्यावर जुनी फाइल सिस्टीम दुरुस्त करून पुन्हा वापरू नका. ती नव्याने बांधा, आणि त्याआधी रॅम, केबल, यूएसबी केस यांच्यापैकी खरा दोषी कोण ते ठरवा, कारण तो तसाच राहिला तर नवी फाइल सिस्टीमही मोडेल. एका डिस्कवर बांधताना मेटाडेटा डीयूपी आहे ना, हे ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टीम डीएफ’ने पाहा, एसएसडीवर जुन्या प्रॉग्सने बांधली तर एकच प्रत ठेवली जायची, आवृत्ती ५.१५ पासून डीयूपी आपोआप येतं. महिन्याला एकदा ‘स्क्रब’ (सगळे ब्लॉक वाचून चेकसम तपासणारी आज्ञा) लावा आणि ‘डिव्हाइस स्टॅट्स’मधले पाचही आकडे शून्य आहेत का ते बघत जा. रोजचा रीड-ओन्ली स्नॅपशॉट ‘सेंड’ आणि ‘रिसीव्ह’ने दुसऱ्या डिस्कवर पाठवा, पहिल्या वेळी पूर्ण डेटा जातो, नंतर ‘-पी’ने आदला स्नॅपशॉट दाखवला की फक्त फरक. दोन्हीकडे सामायिक असलेला तो आदला स्नॅपशॉट पुढचा पोहोचेपर्यंत पुसू नका, नाहीतर पुन्हा सगळंच पाठवावं लागतं. आणि बिघडलेल्या डिस्कची इमेज लगेच टाकून देऊ नका: हरवलेली फाइल आठवते ती बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांनी, कर भरायच्या वेळी नाहीतर कुणाचा जुना फोटो शोधताना.